24 पैकी 7, 25 पैकी 22: उतारवयातलं झिंक समजून घेताना

झिंकच्या, म्हणजे जस्ताच्या, गोळ्यांची तरफदारी करणाऱ्या लेखांत एक अभ्यास हमखास सापडतो. 2007 साली प्रसिद्ध झालेला. 55 ते 87 वर्षं वयाच्या 50 जणांचे दोन गट पाडले. एका गटाला वर्षभर रोज 45 मिलिग्रॅम झिंक मिळालं, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि देणाऱ्यालाही नाही. वर्षअखेरीस मोजणी झाली तेव्हा झिंकच्या गटातल्या 24 पैकी 7 जणांना कुठला ना कुठला संसर्ग होऊन गेला होता, दुसऱ्या गटात 25 पैकी 22 जणांना. टक्केवारीत सांगायचं तर 29 विरुद्ध 88.

एवढा फरक औषधांच्या जगात क्वचितच दिसतो, म्हणून जाहिरातवाल्यांना तो फार प्रिय आहे. माझी तक्रार आकड्याबद्दल नाही. ती आहे त्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाबद्दल: झिंक घेतलं की प्रतिकारशक्ती वाढते. यातलं 'वाढते' हे क्रियापदच फसवं आहे. झिंक कमी पडलेल्या शरीराला ते मिळालं तर अडलेली कामं पुन्हा सुरू होतात. पुरेसं असलेल्या शरीरात आणखी घातलं तर बहुधा काहीच घडत नाही, आणि फार घातलं तर उलटच होतं. तेव्हा उतारवयात झिंक का कमी पडतं आणि पडलं तर ते कळायचं कसं, हे समजल्याशिवाय त्या 7 आणि 22 चा अर्थ लागत नाही.

हातावर पोट

प्रौढ माणसाच्या अंगात सगळं मिळून दोन ते तीन ग्रॅम झिंक असतं. त्यातलं सुमारे 85 ते 90 टक्के स्नायूंत आणि हाडांत. ज्या रक्ताची आपण तपासणी करतो, त्याच्या द्रवभागात एक टक्कासुद्धा नसतं.

लोहाचा जास्तीचा माल शरीर फेरिटिन नावाच्या प्रथिनात बांधून ठेवतं. अ जीवनसत्त्व यकृतात महिनोन्महिने पुरेल एवढं साठतं. झिंकसाठी अशी कोठी नाही. स्नायूंतलं झिंक तिथल्या पेशींच्या कामात गुंतलेलं असतं, गरज पडली म्हणून ते मोकळं करून दुसरीकडे पाठवता येत नाही. झिंकच्या बाबतीत शरीराचं हातावर पोट असतं. आवक थोडी घटली की शरीर आधी आतड्यातून आणि लघवीतून होणारी गळती आवळतं. तेवढ्याने भागलं नाही तर काही कामं मागे पडू लागतात, आणि सर्वांत आधी मागे पडणाऱ्यांत प्रतिकारयंत्रणा असते.

तीच का, याचं उत्तर पेशींच्या विभाजनात आहे. शरीरात तीनशेहून जास्त एन्झाइमांना काम करण्यासाठी झिंक लागतं. त्यांपैकी बरीचशी डीएनएची नक्कल करणं, आरएनए बनवणं, प्रथिनं जुळवणं अशा कामांची आहेत. शिवाय जनुकं चालू-बंद करणाऱ्या अनेक प्रथिनांच्या साखळीला ठरावीक ठिकाणी बोटासारखं वळण असतं, आणि त्या बोटाच्या मुळाशी झिंकचा एक अणू गाठीसारखा बसलेला असतो. याला 'झिंक फिंगर' म्हणतात. एरन क्लूग यांच्या प्रयोगशाळेने 1985 मध्ये ही रचना बेडकाच्या एका प्रथिनात प्रथम ओळखली. म्हणजे जिथे पेशी भराभर वाढायच्या असतात, तिथे झिंकची मागणी जास्त. जंतू शिरल्यावर त्याला ओळखणाऱ्या मूठभर टी-पेशींना (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) काही दिवसांत हजारोंची फौज उभी करायची असते. त्या घाईत कच्चा माल अपुरा पडला तर फौज उशिरा उभी राहते, आणि उभी राहते तीही तुटपुंजी.

टी-पेशींचं झिंकशी आणखीही नातं आहे. पेशीच्या पृष्ठभागावर जंतूची खूण पटली की तो निरोप आत पोचवणारं एलसीके नावाचं एन्झाइम असतं. ते पृष्ठभागावरच्या सीडी4 या प्रथिनाला जोडलेलं असतं, आणि त्या दोघांच्या मधली कडी म्हणजे झिंक.

त्याआधीची पायरी तर थेट वयाशी जोडलेली आहे. टी-पेशी तयार होतात अस्थिमज्जेत, पण शिकून तरबेज होतात छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत. ही ग्रंथी वयात येण्याच्या सुमारास भरात असते आणि मग आयुष्यभर आक्रसत जाते. म्हातारपणी तिच्या जागी बहुतांशी चरबी उरते, त्यामुळे नव्या टी-पेशींचा ओघ आटतो आणि जुन्या ओळखीच्या पेशींवरच भागवावं लागतं. ही ग्रंथी थायम्युलिन नावाचं एक संप्रेरक बनवते, टी-पेशी परिपक्व होण्यासाठी लागणारं. त्याला झिंकचा अणू चिकटला तरच ते काम करतं, एरवी रक्तात असून नसल्यासारखं. उतारवयात ग्रंथी आधीच थकलेली, आणि जे थोडं संप्रेरक ती सोडते तेही झिंकअभावी निकामी, असा दुहेरी मार बसतो.

आणखी एक काम कमी माहितीचं आहे, पण माझ्या मते म्हातारपणाच्या दृष्टीने तेच जास्त महत्त्वाचं. झिंक लगामाचंही काम करतं. वय वाढतं तशी शरीरात एक मंद, सततची दाहाची धग राहते. इटलीतले संशोधक क्लाउडियो फ्रांचेस्की यांनी 2000 साली तिला 'इन्फ्लमेजिंग' असं नाव दिलं. पेशींमधला एनएफ-कप्पा-बी हा दाह पेटवणारा मुख्य खटका. झिंक ए20 नावाच्या प्रथिनामार्फत तो खटका दाबून धरायला मदत करतं. झिंक कमी झालं की खऱ्या शत्रूवर धावून जाण्याची ताकद घटते आणि विनाकारण धुमसणं मात्र वाढतं. 2007 च्या त्या अभ्यासातही झिंक घेणाऱ्या गटात दाहाची रासायनिक चिन्हं कमी झाली होती. संसर्गाच्या ठळक आकड्यांपुढे हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

शिराझचा तो रुग्ण

हा अभ्यास ज्यांच्या गटाने केला त्या डॉ. आनंद प्रसाद यांची गोष्ट इथेच सांगायला हवी. जन्म 1928 चा, बिहारमधल्या बक्सरचा. अमेरिकेत वैद्यकाचं शिक्षण पुरं करून 1958 मध्ये ते इराणमधल्या शिराझला शिकवायला गेले. तिथे त्यांच्यापुढे 21 वर्षांचा एक रुग्ण आला. दिसायला जेमतेम दहा वर्षांचा मुलगा, तारुण्याची लक्षणं नाहीत, अंगात रक्त नाही. आहार जवळजवळ फक्त न आंबवलेल्या गव्हाच्या भाकरीचा, आणि भर म्हणून माती खाण्याची सवय. रक्ताची कमतरता लोहाने समजावता येत होती. खुंटलेली वाढ मात्र लोहाच्या हिशेबात बसत नव्हती.

झिंक नसेल तर उंदरांची वाढ खुंटते हे 1934 पासून माहीत होतं. पण माणसाला झिंक कमी पडू शकतं हे मानायला त्या काळी कोणी तयार नव्हतं. ते तर सगळीकडे थोडं थोडं असतंच, असा समज. प्रसाद नंतर इजिप्तमध्ये गेले, तिथे तशाच मुलांवर मोजमापं केली, झिंक दिल्यावर ती मुलं वाढली आणि वयात आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने रोजच्या झिंकचं प्रमाण ठरवून दिलं ते 1974 मध्ये. प्रसाद यांच्या नोंदींतली एक गोष्ट मात्र आपल्या विषयाची: मध्यपूर्वेतले असे रुग्ण पंचविशी पार करत नसत आणि मरत ते संसर्गाने. वाढीचा प्रश्न म्हणून सुरू झालेलं संशोधन प्रतिकारशक्तीकडे वळलं ते यामुळे.

त्याचा पुरावा दुसऱ्याही वाटेने आला. आतड्यातून झिंक आत घेणाऱ्या यंत्रणेत जन्मजात बिघाड असलेली बाळं असतात. तोंडाभोवती आणि हातापायांवर चट्टे, न थांबणारे जुलाब, एकामागून एक संसर्ग. पूर्वी ती बाळं वाचत नसत. ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञ मॉयनहान यांनी 1974 मध्ये दाखवून दिलं की हा रोग झिंकच्या अभावाचा आहे. झिंक दिलं की ती बाळं बरी होतात. एका मूलद्रव्याच्या येण्याजाण्याने प्रतिकारशक्ती कशी कोसळते आणि सावरते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

म्हातारपणी मात्र इतकं स्वच्छ काही नसतं. तिथे कमतरता सौम्य असते आणि वयाच्या आड लपते. जखम भरायला वेळ लागतो, चव कळत नाही, केस गळतात, कातडी फाटते, सर्दी-खोकला पाठ सोडत नाही. यातल्या एकेका लक्षणाला आपण एकच उत्तर देतो: वय झालं. कित्येकदा ते खरंही असतं, पण कित्येकदा त्यामागे झिंक असतं.

आवक का घटते

वृद्धांचं खाणं एकूणच कमी होतं. दात हलतात किंवा नसतात, मग चावायला जड ते आधी ताटातून जातं, आणि झिंक नेमकं तिथेच भरपूर असतं: मांस, कठीण कवचाची फळं, बिया, कडधान्यं. शिंपल्यांमध्ये तर सर्वांत जास्त, पण त्यावर दिवस काढणारे थोडे. मऊ भात, पाव, बिस्किटं, चहा यांत पोट भरतं, झिंक भरत नाही. त्यात झिंक घटलं की जिभेची चव मंदावते, चव गेली की खाणं आणखी घटतं. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

दुसरा प्रश्न शोषणाचा. धान्यांच्या कोंड्यात आणि कडधान्यांत फायटेट नावाचं संयुग असतं. ते झिंकला घट्ट धरून ठेवतं आणि तसंच बाहेर घेऊन जातं. फरक किती पडतो याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या 2004 च्या शिफारशींवरून येतो. त्यांनी प्रौढ पुरुषासाठी एक आकडा दिलाच नाही, तीन दिले. आहारातलं झिंक सहज शोषलं जाणारं असेल तर रोज 4.2 मिलिग्रॅम पुरतात, मध्यम असेल तर 7 लागतात, फायटेटने भरलेला आहार असेल तर 14. स्त्रियांसाठी 3, 4.9 आणि 9.8. म्हणजे ताटात किती झिंक आहे एवढं मोजून भागत नाही, ते कशाच्या सोबतीने आलंय हेही पाहावं लागतं. शाकाहारी वृद्धांनी म्हणून घाबरायला नको. धान्य आणि कडधान्यं भिजवली, मोड आणले किंवा आंबवली की त्यांच्यातलंच फायटेज नावाचं एन्झाइम किंवा आंबवणारे सूक्ष्मजीव फायटेट मोडून टाकतात. शिराझच्या त्या रुग्णाची भाकरी न आंबवलेली होती, हा तपशील म्हणूनच महत्त्वाचा.

तिसरं कारण औषधांच्या डब्यात. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या थायझाइड गटाच्या गोळ्यांमुळे लघवीतून जास्त झिंक जातं. मधुमेहातही तेच होतं. आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षं घेतल्या जाणाऱ्या गोळ्या जठरातलं आम्ल कमी करतात, आणि अन्नातून झिंक सुटायला तर आम्लच लागतं. लोहाची मोठी गोळी उपाशीपोटी झिंकच्या बरोबर घेतली तर दोघांत शोषणासाठी चढाओढ लागते. यातली कुठलीही गोळी परस्पर बंद करायची नाही, हे वेगळं सांगायला नको. पण रक्तदाब, मधुमेह आणि पित्त अशी तिन्ही औषधं चालू असलेल्या, जेमतेम जेवणाऱ्या ऐंशीच्या माणसात झिंक कमी निघालं तर नवल वाटू नये.

रक्त खोटं बोलतं तेव्हा

मग रक्त तपासून टाकू, असं वाटणं साहजिक आहे. 100 मिलिलिटर रक्तद्रवात 70 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी झिंक असेल तर ते कमी, असा ढोबळ निकष वापरतात. पण ही चाचणी मोठी लहरी आहे. जेवणानंतर पातळी उतरते. नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या तर ती खोटी वाढते. झिंक रक्तात मुख्यतः अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पाठीवर बसून फिरतं, त्यामुळे अल्ब्युमिन कमी झालं की झिंकही कमी दिसतं.

सगळ्यांत मोठी गफलत आजारपणात होते, आणि तिच्यामागे शरीराचीच एक चतुर चाल आहे. जंतूंनाही वाढायला झिंक लागतं. म्हणून संसर्ग झाला की शरीर रक्तातलं झिंक ओढून यकृतात दडवतं. आघाडीवर लढणाऱ्या न्युट्रोफिल या पांढऱ्या पेशींमध्ये कॅलप्रोटेक्टिन नावाचं प्रथिन खच्चून भरलेलं असतं, पेशीद्रवातल्या प्रथिनांपैकी जवळपास निम्मं. ते जंतूंच्या आसपासचं झिंक ओरबाडून घेतं. शत्रूची रसद तोडायची, असा हा गनिमी कावा. अशा वेळी रक्त तपासलं तर झिंक कमी येणारच. तो अभाव आहे की डावपेच, हे एका आकड्यावरून ठरत नाही. तापात किंवा न्यूमोनियात केलेली झिंकची तपासणी मला म्हणूनच फारशी कामाची वाटत नाही. बरं वाटल्यावर, सकाळी उपाशीपोटी, आणि दाह दाखवणाऱ्या सीआरपीच्या चाचणीसोबत केली तर तिला काही अर्थ.

हीच अडचण वृद्धाश्रमांतल्या अभ्यासांना लागू होते. पोषणाच्या संशोधक सिमिन मेदानी यांच्या गटाने 2007 मध्ये बॉस्टन भागातल्या 33 वृद्धाश्रमांमधल्या 600 हून अधिक रहिवाशांची माहिती मांडली. ज्यांच्या रक्तात झिंक पुरेसं होतं त्यांना न्यूमोनिया कमी झाला, झाला तरी लवकर आटोपला आणि प्रतिजैविकं कमी लागली. ऐकायला छान. पण झिंक कमी म्हणून माणूस आजारी, की आधीच खंगलेला म्हणून झिंक कमी? निरीक्षणातून हे सुटत नाही. म्हणून त्याच वर्तुळातल्या संशोधकांनी पुढची पायरी गाठली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत, झिंक कमी असलेल्या 65 वर्षांवरच्या रहिवाशांना तीन महिने रोज 30 मिलिग्रॅम दिलं. रक्तातलं झिंक सरासरी 16 टक्क्यांनी वाढलं आणि टी-पेशींची संख्याही. मात्र ज्यांची पातळी सुरुवातीलाच फार खाली होती, त्यांना तीन महिने पुरले नाहीत.

आता 7 आणि 22 कडे परत येऊ. त्या अभ्यासातल्या वृद्धांचं झिंक तरुणांच्या तुलनेत आधीपासून कमी होतं. माणसं फक्त 50, आणि संसर्गांमध्ये साध्या सर्दीपासून सगळं धरलेलं. म्हणून मी तो असा वाचतो: कमतरता असलेल्या वृद्धांना झिंक दिलं तर फायदा होण्याची चांगली शक्यता आहे, पण तो 88 वरून 29 इतका असेल यावर पैज लावू नये. कोविडच्या काळात झालेली एक चाचणी याची दुसरी बाजू दाखवते. त्यात कमतरता आहे की नाही हे न पाहता 214 बाधित प्रौढांपैकी काहींना रोज 50 मिलिग्रॅम झिंक दिलं. लक्षणं लवकर ओसरली नाहीत, आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेली ती चाचणी निष्फळ म्हणून आधीच थांबवावी लागली होती.

गोळी घ्यायची झाली तर

लेबल नीट वाचावं लागतं. झिंक सल्फेटच्या 220 मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष झिंक असतं सुमारे 50 मिलिग्रॅम. ग्लुकोनेटमध्ये वजनाच्या जेमतेम 14 टक्के. अमेरिकेत प्रौढ पुरुषाला रोज 11 आणि स्त्रीला 8 मिलिग्रॅमची शिफारस आहे, आणि सगळं मिळून 40 च्या वर जाऊ नये अशी मर्यादा. युरोपात ती मर्यादा 25 ची. म्हणजे त्या गाजलेल्या अभ्यासातला 45 चा डोस दोन्ही मर्यादांच्या वर होता. देखरेखीखाली वर्षभर देणं वेगळं आणि घरी मनाने वर्षानुवर्षं खात राहणं वेगळं.

जास्त झिंकचा खरा फटका तांब्याला बसतो. झिंकचा मारा झाला की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन भरपूर बनवतात. ते तांब्याला झिंकपेक्षा घट्ट पकडतं. काही दिवसांत त्या पेशी गळून पडतात आणि अडकलेलं तांबंही शरीराबाहेर जातं. महिनोन्महिने असं चाललं की रक्तक्षय होतो, न्युट्रोफिल घटतात, पुढे मज्जारज्जूवर परिणाम होऊन पाय बधिर पडतात, तोल जातो. प्रतिकारशक्तीसाठी घेतलेल्या गोळीने पांढऱ्या पेशीच कमी व्हाव्यात, याहून मोठा विनोद नाही. कवळी चिकटवायच्या मलमातूनही हे घडल्याची प्रकरणं 2008 च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकांत आली. मलमात झिंक होतं आणि सैल कवळीमुळे लोक ते थापून थापून वापरत होते.

म्हणून आधी बेरीज करायची: मल्टिव्हिटामिनमधलं, सर्दीच्या चघळायच्या गोळ्यांतलं, कवळीच्या मलमातलं झिंक. डोळ्यांच्या गोळ्यांतलं तर नक्कीच, कारण वयानुसार होणाऱ्या मॅक्युलाच्या (डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाच्या) ऱ्हासासाठीच्या, 2001 च्या मोठ्या अमेरिकी चाचणीतल्या मिश्रणात एकट्या झिंकचेच 80 मिलिग्रॅम होते. तांब्याची तूट होऊ नये म्हणून त्यात 2 मिलिग्रॅम तांबंही घातलं होतं. टेट्रासायक्लिन किंवा क्विनोलोन गटाचं प्रतिजैविक चालू असेल तर झिंकची गोळी त्याच्या आधी चार ते सहा तास किंवा नंतर दोन तास घ्यावी, नाहीतर दोन्ही आतड्यातच एकमेकांना बांधून ठेवतात आणि प्रतिजैविक वाया जातं. मळमळ होत असेल तर जेवणाबरोबर घ्यावी. नाकात मारायच्या झिंकच्या औषधांच्या वाटेला जाऊ नये. त्यांनी वास कायमचा गेल्याच्या तक्रारींनंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2009 मध्ये तशी सूचना काढली होती.

डॉक्टरांनी कमतरता ठरवून गोळी सुरू केली, तर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासणं रास्त ठरतं. पातळी वर आली की गोळी बंद होते, आणि मग प्रश्न पुन्हा ताटाशी येतो. दात तेच, भूक तीच आणि औषधंही तीच राहिली, तर कोठी नसलेल्या शरीरातलं झिंक काही आठवड्यांत पुन्हा खाली जाऊ लागतं. आहारतज्ज्ञाची आणि दाताच्या डॉक्टरांची भेट म्हणून गोळ्या चालू असतानाच उरकून घेतलेली बरी.